जनुकाचे ठिकाण आणि यवतमाळची पऱ्हाटी

इ. स. १८४२ च्या सुमारास भडोच येथील सरकारी कापूस-मळ्यांच्या अधीक्षकाने, आपल्या देखरेखीखालील झाडांची बोंडे आतून पोखरणाऱ्या एका लहानशा अळीचे व तिच्यापासून निपजणाऱ्या करड्या पतंगाचे नमुने विलायतेस धाडले, आणि पुढच्याच वर्षी सॉन्डर्स नावाच्या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने त्यांचे शास्त्रोक्त वर्णन प्रसिद्ध करून त्या प्राण्यास ‘गॉसिपिएला’ हे नाव बहाल केले. आपल्याकडील जुना कास्तकार हिला शेंदरी बोंडअळी म्हणतो. वर्तमानपत्रांच्या कृपेने अलीकडे ती गुलाबी झाली आहे. तिच्या स्वभावातील एक गोष्ट वाचकांनी आरंभीच ध्यानात घ्यावी, ती ही की, तिला पानांचे फारसे सोयरसुतक नाही. अंड्यातून बाहेर पडताच ती कळीत किंवा कोवळ्या बोंडात शिरते, मागे आपल्या प्रवेशाचे छिद्र बुजून जाऊ देते आणि आत बसून एकामागून एक सरकी फस्त करते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात जो अनर्थ ओढवला, त्याची कारणपरंपरा शोधू जाता, पतंगाच्या या सरकीभक्षक सवयीपासून ते दूरदेशीच्या एका प्रयोगशाळेत कपाशीच्या गुणसूत्रावर परके जनुक नेमके कोठे जाऊन बसले या प्रश्नापर्यंत आपणांस जावे लागते.

वऱ्हाडचा मुलूख १८५३ च्या तहान्वये निजामाने कुंपणी सरकारच्या हवाली केला आणि अवघ्या आठ वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकन रुईचा पुरवठा तुटताच साऱ्या विलायतेचे डोळे या काळ्या जमिनीकडे लागले. मध्यप्रांत आणि वऱ्हाड यांकरिता स्वतंत्र कापूस-आयुक्त नेमला गेला. रिव्हेट-कार्नॅक हे त्या गृहस्थांचे नाव. त्यांच्या काळाच्या दफ्तरांतून एक तक्रार वारंवार उमटलेली दिसते: हिंगणघाटकडील लांब व मऊ धाग्याची ‘बनी’ सोडून कास्तकार आखूड धाग्याच्या, परंतु लवकर हाती येणाऱ्या व काटक अशा ‘जरी’च्या मागे लागला आहे. साहेबास धागा हवा होता. कास्तकारास पावसाने दगा देण्यापूर्वी पीक घरात हवे होते. आज ज्यास आपण यवतमाळ जिल्हा म्हणतो, तो त्या वेळी वणी जिल्हा या नावाने ओळखला जाई. १९०५ साली त्याचे नामांतर झाले. पुढे मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत कापूस वाहून नेण्यासाठी टाकलेली अरुंद रुळांची गाडी, लोक जिला शकुंतला म्हणत, तीही याच व्यापाराचे अपत्य.

बनी काय आणि जरी काय, दोन्ही देशी कपाशी. त्यांच्या पेशीत गुणसूत्रे २६. अमेरिकन कपाशीत ती ५२ आहेत, आणि या दुपटीमागे मोठा मनोरंजक पूर्वेतिहास आहे. सुमारे दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी, माणसाचा हात लागण्याच्या कितीतरी आधी, जुन्या जगातील आपल्या देशी कपाशीशी नाते सांगणारी एक जात आणि अमेरिका खंडातील एक रानटी जात यांचा संकर होऊन दोघींची गुणसूत्रे एकाच पेशीत नांदू लागली. त्यातही जुन्या जगातून आलेला हिस्सा दुसऱ्या हिश्श्याच्या जवळजवळ दुप्पट लांबीचा आहे. कारण त्या घराण्यात, स्वतःची नक्कल करून गुणसूत्रावर अन्यत्र जाऊन बसणाऱ्या फिरत्या घटकांनी युगानुयुगे आपली वस्ती वाढवली. वंशद्रव्य हा एकदा कोरून ठेवलेला शिलालेख नव्हे, त्यात घटक जागा बदलतात, हे मक्याच्या दाण्यांवरील ठिपके न्याहाळून बार्बरा मॅक्लिंटॉक या विदुषीने शोधून काढले. १९५१ मध्ये तिने आपले निष्कर्ष विद्वानांच्या सभेपुढे ठेवले, तेव्हा बहुतेकांना ते उमगले नाहीत. नोबेल पारितोषिक तिला १९८३ साली, वयाच्या ऐंशी वर्षांनंतर मिळाले.

ही स्थानांतरे दोन प्रकारची असतात. बहुतेक फिरते घटक जागेविषयी फारसे चोखंदळ नसतात. मिळेल तेथे घुसतात. परंतु काही विषाणूंनी याहून कितीतरी काटेकोर रीत साधली आहे. आतड्यातील ई. कोलाय जिवाणूत शिरणारा लॅम्ब्डा नावाचा विषाणू यजमानाच्या गुणसूत्रात वाटेल तेथे न शिरता एका ठराविक जागीच शिरतो, आणि प्रसंग पडताच तेथूनच, एकही अक्षर न गमावता, पुन्हा बाहेर पडतो. अॅलन कॅम्बेल यांनी १९६२ मध्ये याची उपपत्ती मांडली: विषाणूचे द्रव्य प्रथम वर्तुळाकार होते, त्यावरील एक लहानसा अक्षरक्रम व यजमानाच्या गुणसूत्रावरील तसाच क्रम परस्परांसमोर येतात, दोहोंचे धागे तेथे छेदले जाऊन आडवेतिडवे सांधले जातात आणि वर्तुळ उलगडून सरळ रेषेत सामील होते. हेच ते स्थलविशिष्ट पुनःसंयोगाचे कर्म. पी-१ या दुसऱ्या विषाणूपाशी ‘क्री’ नावाचे एक विकर आढळले, जे केवळ ३४ अक्षरांची, ‘लॉक्स’ म्हणून ओळखली जाणारी जागा हुडकून तेथेच छेद घेते. या ३४ अक्षरांत दोन्ही टोकांना १३ अक्षरांचे परस्परविरुद्ध क्रम आणि मध्ये आठ अक्षरांचा दुवा असतो, आणि त्या दुव्याची दिशा सारा निकाल ठरवते. अशा दोन जागा एकाच दिशेने असल्यास त्यांमधला मजकूर कापून निघतो. विरुद्ध दिशेने असल्यास तो उलटा होऊन बसतो. आणि त्या दोन निरनिराळ्या रेणूंवर असल्यास एकाचा भाग दुसऱ्यावर चढतो. विशेष हे की, तोडलेल्या बंधातील ऊर्जा विकर स्वतःपाशी राखून तिनेच नवा बंध सांधते, म्हणून बाहेरून इंधन पुरवावे लागत नाही. वनस्पतीत घातलेले एखादे नको असलेले जनुक या युक्तीने मागाहून काढून टाकता येते, हे तंबाखूच्या झाडावर १९९१ मध्ये सिद्धही झाले होते.

इतकी सुबक करणी हाताशी असता यवतमाळच्या शिवारात जे जनुक पोहोचले, ते मात्र या वाटेने आले नाही.

हा प्रसंग समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९७० साली सुरतेच्या संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी ‘संकर-४’ हा जगातील पहिला व्यापारी संकरित कापूस सिद्ध केला. पुढे नांदेडच्या केंद्रातून निघालेल्या एनएचएच-४४ या वाणाने विदर्भ-मराठवाड्यात जम बसवला. संकरित वाणाचे बोंड मोठे व उत्पन्न भरघोस, हे खरे; पण त्याचे बी दरसाल विकत घ्यावे लागते आणि झाड शेतात दीर्घकाळ उभे राहते. खत वाढले, हिरवेपणा वाढला आणि त्यामागून किडी वाढल्या. १९९० च्या दशकात अमेरिकन बोंडअळी, ही शेंदरीहून निराळी कीड, पायरेथ्रॉइड औषधांना जुमानेनाशी झाली, तेव्हा कास्तकार एका हंगामात कितीदा पंप पाठीवर घेई याची मोजदाद राहिली नाही. कर्जाने औषध, औषधाने कर्ज, असे ते दुष्टचक्र होते.

उपाय म्हणून जे पुढे आले, त्याचे मूळ मातीतील एका जिवाणूत होते. बॅसिलस थुरिंजिएन्सिस (त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून बीटी) हा जिवाणू अळ्यांच्या आतड्यास भोके पाडणारे एक प्रथिन तयार करतो. त्या प्रथिनाचे ‘क्राय१एसी’ हे जनुक अमेरिकेतील मॉन्सँटो कंपनीच्या शास्त्रज्ञांनी कोकर-३१२ या कपाशीत घातले, आणि त्यासाठी झाडांवर गाठी उठवणाऱ्या अॅग्रोबॅक्टेरियम या जिवाणूचा वाहक म्हणून उपयोग केला. हा जिवाणू आपला तुकडा झाडाच्या गुणसूत्रात सोडतो खरा. पण कोठे सोडायचा हे तो ठरवत नाही आणि प्रयोग करणाराही ठरवू शकत नाही. म्हणून शेकडो रोपे तयार करावयाची, ज्यात जनुक बऱ्या जागी बसून नीट चालते असे एखादे निवडावयाचे आणि बाकी सारी टाकून द्यावयाची, असा तो खाक्या असतो. निवडलेल्या त्या एका रोपास एमओएन-५३१ असा क्रमांक मिळाला. त्यात ओळख पटवण्यासाठी घातलेली प्रतिजैविक-रोधाची जनुकेही तशीच राहिली, आणि मूळ जनुकाचा एक तुटका तुकडाही सोबतीस आला. आज भारतात बीटी म्हणून पेरली जाणारी बहुतेक कपाशी वंशाने या एका रोपापर्यंत जाऊन पोहोचते. जनुक एकदा जेथे बसले, तेथील डावी-उजवीकडची अक्षरे हीच त्याची ओळख ठरते. सात-बारावरील क्षेत्रफळ सारखे असलेल्या दोन शेतांत फरक करावयाचा तर चतुःसीमाच पाहाव्या लागतात, तसे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने धारवाडच्या कृषी विद्यापीठासह ‘बिकानेरी नरमा’ हे सार्वजनिक क्षेत्रातील सरळ, म्हणजे घरचे बी राखता येईल असे, बीटी वाण काढले आणि २००९ च्या हंगामात ते बाजारातही आले. परंतु त्यात एमओएन-५३१ च्या चतुःसीमा सापडल्या व ते परत घ्यावे लागले. स्वस्त आणि राखता येण्याजोगे बी कास्तकाराच्या हाती पडण्याची ती संधी अशी हुकली.

त्याच्या कितीतरी आधी, इकडे जालन्याच्या महिको या, बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये स्थापिलेल्या कंपनीने मॉन्सँटोशी भागीदारी करून ते जनुक आपल्या संकरित वाणांत आणले. परवानगीचा मसुदा अजून कार्यालयांतून फिरत असतानाच २००१ साली गुजरातेत ‘नवभारत १५१’ या बियाण्यात तेच जनुक बिनपरवाना नांदत असल्याचे उघडकीस आले. सरकारने पीक जाळण्याचे हुकूम काढले. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ते तंत्रज्ञान शेतकऱ्याला मिळालेच पाहिजे असा पवित्रा घेतला. अखेर २६ मार्च २००२ रोजी केंद्रीय मान्यता समितीने मेक-१२, मेक-१६२ व मेक-१८४ या तीन वाणांना तीन वर्षांची मंजुरी दिली. अट अशी की, शेताच्या कडेने बिगर-बीटी कपाशीच्या पाच ओळी किंवा क्षेत्राचा पाचवा हिस्सा, यांपैकी जे अधिक असेल तेवढे आश्रयपीक राखावे, जेणेकरून विषाला न सरावलेले पतंग तेथे वाढतील व सरावलेल्यांशी त्यांचा संकर होऊन रोधाचे बीज पातळ होत जाईल. या अटीसाठी थैलीबरोबर बिगर-बीटी बियाण्याची छोटी पुडी येई. पाच-सात एकरांच्या कोरडवाहू कास्तकाराने त्यातील पाचवा हिस्सा अळीला खुशाल खाऊ द्यावा, ही अपेक्षा ज्याने कागदावर लिहिली, त्याला विदर्भातील बँकेचा तगादा ठाऊक नसावा. ती पुडी बहुधा धुऱ्यावरच पडून राही.

प्रारंभीची वर्षे पाहता नव्या कपाशीने आपले काम केले, हे नाकारता येत नाही. अमेरिकन बोंडअळी खरोखरच मागे हटली. २००६ मध्ये दुसरे जनुक असलेल्या ‘बोलगार्ड-२’ ला मान्यता मिळाली आणि दशकभरात देशातील कपाशीचे ९० टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटीखाली गेले. २००६ मध्येच पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भात येऊन यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी मोठ्या मदतीची घोषणा केली, कारण आत्महत्यांचे सत्र थांबले नव्हते. २००८ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील भांबराजा व अंतरगाव या गावांना बीटीने आत्महत्यामुक्त केले असा गौरव एका इंग्रजी दैनिकात आला. तोच मजकूर २०११ मध्ये जाहिरातीच्या रूपाने पुन्हा छापला गेला. पी. साईनाथ यांनी २०१२ मध्ये गावकऱ्यांच्या तोंडून त्याची उलटतपासणी केली, आणि संसदेच्या कृषिविषयक स्थायी समितीनेही त्या वर्षी भांबराजास भेट देऊन जाबजबाब ऐकले. गावकऱ्यांनी जे सांगितले, ते जाहिरातीशी जुळत नव्हते.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. भारताखेरीज अमेरिका, ऑस्ट्रेलिया आदी देशांत बीटी कपाशी सरळ वाणांच्या रूपाने पेरली जाते. तेथे दोन्ही पालकांकडून जनुक आलेले असल्याने प्रत्येक बोंडातील प्रत्येक सरकीत विष असते. आपल्याकडे ती संकरित स्वरूपातच आली, कारण संकरित थैली दरसाल विकता येते. संकरित बियाण्यात जनुक बहुधा एकाच पालकाकडून येते. त्यामुळे झाडाच्या पानापानांत विष असले तरी त्याच झाडाच्या बोंडात जी नवी सरकी धरते, तिच्यात मेंडेलच्या नियमाने वाटणी होते आणि दर चार सरक्यांमागे एक निर्विष निघते. बोलगार्ड-२ ची गोष्ट याहून गुंतागुंतीची. त्यातील दुसरे जनुक, ‘क्राय२एबी’, हे आधीच बीटी असलेल्या कपाशीवर सूक्ष्म धातुकणांचा मारा करून घातले गेले आणि पहिल्यापासून वेगळ्याच जागी जाऊन बसले. दोन्ही जनुके म्हणून स्वतंत्रपणे वाटली जातात: सोळा सरक्यांपैकी नऊंत दोन्ही विषे, तिघींत पहिले, तिघींत दुसरे आणि एकीत काहीच नाही. ज्या अळीचे सारे आयुष्य एका बोंडात सरकीमागून सरकी खाण्यात जाते, तिला याहून उत्तम तालीमखाना कोणता मिळणार? ती एका सरकीत अर्धे विष चाखते, दुसरीत विसावते आणि जिचा देह थोडासा रोधक्षम आहे अशी अळी तगून पतंग होते. नागपूरच्या संस्थेचे संचालक राहिलेले केशव क्रांती यांनी संकरित बोंडातील या वाटणीकडे वेळोवेळी लक्ष वेधले होते.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. दोन्ही जनुके स्थलविशिष्ट पुनःसंयोगाने शेजारी-शेजारी बसवली असती, तर एकेरी विषाच्या सरक्या उरल्या नसत्या. परंतु चौथा हिस्सा तेव्हाही निर्विषच निघाला असता. म्हणजे जनुकाची जागा हा अर्धा भाग, बियाण्याचा प्रकार हा उरलेला. शिवाय चीनमधील यांगत्से खोऱ्यात शेतकऱ्यांनी संकरिताच्या दुसऱ्या पिढीचे बी पेरले, तेव्हा शेतात बीटी व बिगर-बीटी झाडे आपसूक मिसळली, त्यांनी आश्रयपिकाचे काम केले आणि रोधाची वाढ मंदावली, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. झाडे मिसळणे हितकर आणि एकाच बोंडात सरक्या मिसळणे घातक, असा हा बारीक भेद आहे.

शेंदरी अळीने क्राय१एसी पचवल्याचे मॉन्सँटोने २०१० मध्ये गुजरातेतून जाहीर केले, आणि त्यानंतर काही वर्षांतच बोलगार्ड-२ चीही तीच गत झाली. अळीने हे साधले कसे, त्याची तपासणी झाली तेव्हा वंशद्रव्याच्या फेरफारांचा दुसरा अंक उघडला. विष ज्या कॅडहेरिन प्रथिनाला चिकटते, त्याचे जनुकच भारतातील रोधक्षम अळ्यांत मोडलेले आढळले, आणि तेही एका रीतीने नव्हे: आठ निरनिराळी विकृत रूपे सापडली. क्राय२एबीच्या बाबतीत आतड्यातील एका वाहक प्रथिनाचे जनुक असेच नादुरुस्त झाले होते. अमेरिकेतील तंबाखूच्या एका अळीत तर, मॅक्लिंटॉकबाईंनी दाखवल्याप्रमाणे जागा बदलणारा एक फिरता घटक कॅडहेरिनच्या जनुकात घुसून त्याने ते बंद पाडल्याचे २००१ मध्येच दिसून आले होते. माणसाने एक जनुक आत घालून जे कमावले, ते कीटकाने आपले एक जनुक मोडून परत घेतले.

२०१७ चा हंगाम यवतमाळात असा आला की, कपाशी माणसाच्या उंचीवर गेली, उन्हाळा-पावसाळ्याचा दमट उबारा हटेना, आणि मावा-तुडतुड्यांबरोबर बोंडअळीच्या भयाने कृषी केंद्रांतून दोन-दोन औषधे एकत्र करून नेली जाऊ लागली. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत उंच झाडांवर, वर तोंड करून, ना मुखवटा ना हातमोजे अशा अवस्थेत फवारणी चालली. पंप बहुतेकदा मजुराच्या पाठीवर. त्या काही महिन्यांत जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले आणि ८०० हून अधिक जणांना इस्पितळात दाखल करावे लागले. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड भरून गेले. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले गेले, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत पोहोचले, काही कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी आली. हंगामाच्या उत्तरार्धात बोंडे फोडून पाहता शेंदरी अळी जागोजागी निघाली, पंचनामे झाले. बियाण्याची थैली विकणाऱ्याने फरदडीवर, म्हणजे हंगाम संपूनही शेतात राखलेल्या कपाशीवर, बोट ठेवले, कृषी खात्याने औषधाच्या मिश्रणावर, औषध विकणाऱ्याने मजुराच्या निष्काळजीपणावर. आणि ज्या मजुराने स्वतः बियाणेही निवडले नव्हते व औषधही, त्याच्या माथी शेवटी अज्ञानाचा ठपका आला. हा न्याय मला मान्य नाही.

त्यानंतर एकाच वर्षाने, ऑक्टोबर २०१८ मध्ये, अमेरिकेच्या कृषी खात्याने आपल्या कापूस-प्रदेशातून ही अळी समूळ नाहीशी झाल्याचे घोषित केले: सरळ वाणांची बीटी कपाशी, वंध्य केलेले पतंग विमानातून सोडणे आणि हंगामाअखेर पऱ्हाट्या नांगरून टाकण्याची सक्ती, या तिन्हींच्या जोरावर. आपल्याकडे नागपूरच्या संस्थेने व अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ‘रजत बीटी’सारखी सरळ वाणे तयार केली खरी, पण त्यात जनुक आहे ते क्राय१एसीच, म्हणजे शेंदरी अळीने आधीच निकालात काढलेले. तणनाशकाला न जुमानणारे ‘चोर बीटी’ मात्र परवान्याविना याच जिल्ह्यात पोहोचले आहे. बियाण्याच्या थैलीवर जनुकांची नावे छापतात. ती एका जागी आहेत की दोन, आणि बोंडातील किती सरक्यांत उतरणार, हेही मराठीत छापण्याची सक्ती सरकारने करावी, आणि पुढचे जनुक येईल ते सरळ, कमी मुदतीच्या वाणात आल्याखेरीज त्याला मंजुरी देऊ नये. यवतमाळच्या कास्तकाराचे निदान इतके देणे सरकार लागते.